काचेच्या कपाळाचा मासा

मासळी बाजारात गेलं की आई आधी माशाच्या डोळ्यांत बघायची. कल्ला उचलून आतला लाल रंग तपासणं नंतर. डोळा फुगीर आणि पाण्यासारखा स्वच्छ असला तर मासा ताजा. बसका, दुधाळ झाला असेल तर तो टोपलीत परत. माशाचा चेहरा वाचायची ही रीत माझ्या इतकी अंगवळणी पडली होती, की मॅक्रोपिन्ना मायक्रोस्टोमा या खोल समुद्रातल्या माशाची चित्रफीत पहिल्यांदा पाहिली तेव्हाही मी तेच केलं. तोंडाच्या वर, जिथे असायला हवेत तिथेच, दोन काळसर डोळे दिसले. जरा मिटल्यासारखे, जरा खाली झुकलेले. चिमुकलं तोंड आणि वर हे दोन उदास ठिपके. मला त्या चेहऱ्याची कणव आली.

ते डोळे नव्हतेच. त्या माशाच्या नाकपुड्या होत्या.

खरे डोळे मागे होते आणि मी ते पाहिलेही होते, पण डोळे म्हणून नव्हे. या माशाच्या कपाळावर हाड-मांस-खवले असं काही दिसत नाही. तिथे आहे एक पारदर्शक घुमट, आत द्रव भरलेला. आणि त्या घुमटाच्या आत, पाण्यात बुडवून ठेवलेल्या मण्यांसारखे, दोन हिरवेगार अर्धगोल. हिरवा म्हणजे कोवळ्या कैरीचा नव्हे, पाचूचा. ते अर्धगोल वर बघत असतात, थेट डोक्याच्या आतून, स्वतःच्याच कपाळातून.

शाळेत मराठीच्या बाई रसग्रहण शिकवताना बजावायच्या, ओळ सुटी काढून तिचा अर्थ लावू नका, सगळं कडवं वाचा. या माशापुढे मला ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. लांबीने हा जास्तीत जास्त 15 सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या मांदेलीएवढा. पण त्याच्या अंगावरची एकेक गोष्ट सुटी काढून पाहिली की चुकीचा अर्थ लागतो, आणि त्याच्या पाण्यात, त्याच्या हालचालीसकट पाहिली की ती गोष्ट उलगडते. मी एकटाच चुकलो असंही नाही. मोठमोठ्या अभ्यासकांना या माशाचा एक भाग कळायला जवळपास 70 वर्षं लागली.

आधी डोळ्यांचं बघू, कारण सगळा जीव तिथे आहे.

माशाचा नेहमीचा डोळा गोल असतो आणि त्यातलं भिंगही गोल, गोटीसारखं. उजेड कमी असेल तर भिंग मोठं हवं. जितकं मोठं तितका जास्त प्रकाश आत गोळा होतो. पण भिंग मोठं केलं की सगळा डोळाच मोठा करावा लागतो, आणि बोटभर माशाच्या डोक्यात तेवढी जागा कुठली? यावर निसर्गाने काढलेला तोडगा सुताराला शोभेल असा आहे. मोठ्या डोळ्याच्या चारही बाजू तासून टाकायच्या आणि मधली नळी तेवढी ठेवायची. नळीच्या एका टोकाला भलंमोठं भिंग, दुसऱ्या टोकाला तळाशी दृष्टिपटल. अशा दोन नळ्या शेजारीशेजारी, एकाच दिशेला रोखलेल्या, दुर्बिणीसारख्या. दोन्ही नळ्यांना तेच दृश्य दिसतं, म्हणून समोरची वस्तू किती लांब आहे याचा नेमका अंदाज येतो. इंग्रजीत या माशांना बॅरलाय म्हणतात, पिंपडोळे, ते या नळकांड्यांवरूनच.

किंमतही आहे. बाजू तासल्या म्हणजे आजूबाजूचं दिसणं गेलं. नळी जिकडे रोखली तिकडचं आभाळाचं एक भोक तेवढं राहिलं. ही किंमत कुणी का मोजावी, हे त्या जागेचा उजेड समजून घेतल्याशिवाय कळत नाही.

समुद्रात 200 मीटरच्या खाली वनस्पतींना अन्न तयार करता येईल एवढाही उजेड उरत नाही. तिथून साधारण 1000 मीटरपर्यंत संधिप्रकाशाचा पट्टा. तांबडा, नारिंगी, पिवळा असे सगळे रंग पाण्याने वरच्या वर पिऊन टाकलेले असतात; खाली झिरपतो तो फक्त निळा, आणि तोही फार थोडा. हा मासा राहतो 600 ते 800 मीटरवर, उत्तर प्रशांत महासागरात, बेरिंग समुद्रापासून एकीकडे जपानपर्यंत आणि दुसरीकडे बाहा कॅलिफोर्नियापर्यंत. एवढ्या खोलीवर अंगावर साठ ते ऐंशी वातावरणांचा दाब असतो. पाणी थंडगार. आणि प्रकाश एकाच दिशेने येतो, वरून. खोल विहिरीच्या तळाशी उभं राहिलं तर बाजूच्या भिंतीकडे बघून काय मिळणार? माणूस मान वर करून तोंडाशी दिसणाऱ्या उजेडाच्या चकतीकडेच बघेल. त्या चकतीवरून एखादा पक्षी गेला तर त्याची सावली दिसेल. मॅक्रोपिन्ना आयुष्यभर त्या चकतीकडे बघत असतो. वरून जाणारा जीव त्याला दिसतो तो सावली म्हणून.

आता हिरव्या रंगाकडे येऊ. संधिप्रकाशातल्या अनेक प्राण्यांनी सावली लपवायची युक्ती साधली आहे. त्यांच्या पोटावर प्रकाश देणारे अवयव असतात आणि ते वरून येणाऱ्या निळ्या उजेडाइतकाच, त्याच छटेचा उजेड खाली सोडतात. खालून बघणाऱ्याला वरचा निळा आणि पोटाचा निळा एकजीव झालेले दिसतात; मधला प्राणी पुसला जातो. पण जिवंत प्राण्याने तयार केलेला उजेड आणि पाण्यातून गाळून आलेला सूर्यप्रकाश यांची जात अगदी एकच नसते. मॅक्रोपिन्नाच्या डोळ्यातलं हिरवं रंगद्रव्य चाळणीसारखं काम करत असावं, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. वरून थेट येणारा सूर्याचा उजेड ते बराचसा अडवतं आणि मग जेलीसारख्या जिवांचं स्वतःचं लुकलुकणं उठून दिसतं. आपल्याला पाचूसारखा सुंदर दिसतो तो हिरवा रंग त्या माशाच्या बाजूने पाहिलं तर लपंडाव मोडून काढायचं साधन आहे. मला हा अर्थ त्या रंगापेक्षाही सुंदर वाटतो.

हे सगळं आईला सांगितलं, चित्रफीत दाखवली. तिने शांतपणे पाहिली आणि विचारलं, "डोळे वर, तोंड पुढे. मग खाताना ह्याला घास दिसतो कसा?"

हा तो प्रश्न. नेमका हाच.

या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1939 साली विल्बर्ट चॅपमन या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञाने केलं. हॅलिबट माशाच्या संवर्धनासाठी अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून नेमलेल्या आयोगाने ईशान्य प्रशांत महासागरातून गोळा केलेल्या नमुन्यांत त्याला कितीतरी नव्या जाती सापडल्या, त्यातलीच ही एक. चॅपमन कसलेला अभ्यासक होता. 1942 साली त्याने या एकाच माशाच्या हाडांवर आणि आतल्या अवयवांवर स्वतंत्र लेख लिहिला. हाडन्‌हाड मोजलं. पण त्याच्यापुढे जो मासा होता तो जाळ्यातून शेकडो मीटर वर ओढलेला. मासळी जाळ्यात एकमेकांवर घासते, दाबली जाते. तो नाजूक घुमट त्यात टिकणं शक्य नव्हतं. नमुना हातात यायचा तेव्हा कपाळावरची ती काच फुटून गेलेली असायची आणि दोन नळ्या उघड्यावर, वर तोंड करून घट्ट बसलेल्या दिसायच्या. जुन्या वर्णनांत आणि चित्रांत घुमट नाही, तो यामुळे. कवितेचा कागद फाटून आला असेल तर वाचणाऱ्याचा काय दोष? उरलेल्या ओळी चॅपमनने प्रामाणिकपणे वाचल्या. पण फाटलेल्या तुकड्यात एक क्रियापद होतं, ते हरवलं.

त्यातून समजूत झाली की हे डोळे जागच्या जागी पक्के आहेत, कायम वर रोखलेले. आणि मग आईचा प्रश्न उभा राहिला. वर बघणारा आणि पुढे खाणारा मासा. वरून सावली गेली, त्याने पाहिली, तो तोंड वर करून तिच्या दिशेने निघाला, की डोळे भलतीकडेच वळणार, घास नजरेतून सुटणार. बरं, तोंड जबड्यासारखं आ वासणारं असतं तरी अंदाजाने भागलं असतं. हे तोंड एवढंसं. त्याने टिपायचं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं, आणि ओवताना नजर दुसरीकडे.

उत्तर मिळालं ते कॅलिफोर्नियात. मॉन्टेरे उपसागराची गंमत अशी, की समुद्राखालची एक प्रचंड घळ मॉस लँडिंग या गावाच्या किनाऱ्याला येऊन जवळजवळ भिडते. होडीने फार लांब न जाताही खोल पाणी गाठता येतं. याच गावात मॉन्टेरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था आहे, 1987 साली डेव्हिड पॅकार्ड यांनी स्थापलेली. संस्थेची दूरनियंत्रित पाणयानं, म्हणजे जहाजावरून तारेने चालवायची, दिवे आणि कॅमेरे लावलेली यंत्रं, वर्षानुवर्षं त्या घळीत उतरत आली आहेत. तिथले ब्रूस रॉबिसन आणि किम राइझनबिक्लर यांनी या माशाला त्याच्या घरात पाहिलं. जाळ्यात आलेला नव्हे, पाण्यात स्थिर उभा असलेला.

उभा म्हणजे खरोखर उभा. मासा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सळसळ येते. हा मासा जवळजवळ हलत नाही. अंग आडवं, परं पसरलेली, आणि पाण्यात टांगल्यासारखा जागच्या जागी. परं देहाच्या मानाने मोठी, सपाट. त्यांच्या बारीकशा हालचालीने तो स्वतःला तोलून धरतो. आणि डोक्यावर तो अखंड घुमट, पहिल्यांदाच कुणाला तरी पुरता दिसलेला.

मग एक मासा पाणयानाने जिवंत वर आणला. जहाजावरच्या टाकीत तो काही तास जगला. त्या काही तासांत हरवलेलं क्रियापद सापडलं. मासा आडवा होता तेव्हा डोळे वर होते. तो हळूहळू उभा होऊ लागला, तोंड वर आणि शेपूट खाली, तेव्हा घुमटाच्या आत डोळे वळले. देह फिरला, नजर फिरली नाही. वरच्या वस्तूवर रोखलेले डोळे तिच्यावरच राहिले आणि तोंड वर येऊन नजरेच्या रेषेत बसलं. आता डोळे, तोंड आणि घास एका ओळीत. दोरा, सुईचं नेढं आणि बोट एका ओळीत यावं तसं. हा शोध 2008 साली 'कोपिया' या नियतकालिकात छापून आला आणि लेखाच्या शीर्षकातच त्या नळीदार डोळ्यांचं कोडं होतं. पुढच्या वर्षी चित्रफीत सगळ्या जगाने पाहिली.

आईला मी तो भाग सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे मान न वळवता नजर वळवतो." माशाला मान नसते, पण याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

आता घुमटाचं प्रयोजन. डोळे आत फिरायचे तर वर मऊ, मोकळी, द्रवाने भरलेली जागा हवी, हे एक झालं. पण घुमट तेवढ्यासाठीच नसावा, आणि इथे आपल्या किनाऱ्यावरची एक ओळखीची गोष्ट कामाला येते. पावसाळ्यात जुहूच्या, गिरगावच्या वाळूवर निळे फुगे येऊन पडतात. ब्लू बॉटल. दिसायला काचेच्या खेळण्यासारखे, पण खालच्या निळ्या दोऱ्यांना हात लागला तर माणूस कळवळतो. लोक त्याला जेलीफिश म्हणतात, पण तो सायफोनोफोर या गटातला जीव आहे. एक प्राणी नव्हे, एकमेकांना जोडून राहणाऱ्या अनेकांची वसाहत. कुणी तरंगायचं, कुणी पकडायचं, कुणी पचवायचं. मॉन्टेरेच्या खोल पाण्यात याच गटातले जीव 10 मीटरहून लांब वाढतात, दोरखंडासारखे, दंशपेशींनी भरलेले सोगे पसरून तरंगत असतात. त्या सोग्यांत बारीक कवचधारी जीव अडकतात, म्हणजे तिथे अन्न टांगलेलं असतं, अगदी वाळत घातल्यासारखं.

मॅक्रोपिन्नाच्या पोटात छोट्या तरंगत्या जिवांबरोबर जेलीसारख्या प्राण्यांचे तुकडेही सापडले. त्यावरून रॉबिसन आणि राइझनबिक्लर यांनी असं चित्र मांडलं, की हा मासा सायफोनोफोरच्या सोग्यांमध्ये शिरून त्याने पकडलेले घास अलगद टिपत असावा. तसं असेल तर मोठी परं कशाला, लहान तोंड कशाला, याचा अर्थ लागतो. विषारी दोऱ्यांच्या जाळ्यात घुसायचं तर तोल हवा, आणि दोऱ्यांमधला दाणा उचलायचा तर चोच हवी, जबडा नको. उघड्या डोळ्यांनी तिथे जाता येत नाही. म्हणून समोर काच. वेल्डिंग करणारा माणूस तोंडापुढे काच धरतो ना, तशी. फरक एवढाच, की याला ती हातात धरावी लागत नाही.

आणि इथे चॅपमनने ठेवलेलं नाव पुन्हा वाचावंसं वाटतं. मॅक्रोपिन्ना म्हणजे मोठ्या परांचा. मायक्रोस्टोमा म्हणजे लहान तोंडाचा. ज्या डोळ्यांवर जग भाळलं त्यांचा नावात उल्लेख नाही, पारदर्शक कपाळाचा तर असणं शक्यच नव्हतं. एके काळी मला हे नाव कोरडं वाटलं होतं. आता वाटतं, फाटक्या कागदावरूनही त्या माणसाने दोन कळीचे शब्द अचूक उचलले होते. मोठी परं तोल सांभाळतात, लहान तोंड नेमका घास घेतं. डोळ्यांची सगळी करामत या दोघांची गाठ घालून देण्यासाठी आहे.

या माशाच्या कुळातले बाकीचे मासेही उजेडाशी असेच झगडतात, पण प्रत्येकाचं उत्तर वेगळं. ऑपिस्थोप्रॉक्टस या भाईबंदाच्या पोटाची बाजू बुटाच्या तळव्यासारखी चपटी असते आणि आतल्या प्रकाशमान जिवाणूंचा उजेड त्या तळव्यातून खाली फाकतो. मला मात्र जास्त थक्क करतो तो डॉलिकॉप्टेरिक्स लॉंगिपेस. त्याच्याही नळ्या वर रोखलेल्या, पण खालचं दिसत नाही ही उणीव त्याने भरून काढली आहे. प्रत्येक नळीच्या कडेला डोळ्याचा एक फुगवटा आहे आणि त्यात भिंगाऐवजी आरसा. ग्वानिनच्या स्फटिकांच्या बारीक चकत्या एकावर एक रचलेल्या, त्यांचा कोन जागोजागी किंचित बदललेला, अशा की खालून आणि बाजूने आलेला उजेड त्यांच्यावर आपटून दृष्टिपटलावर एकत्र येतो. टोंगाजवळ मिळालेल्या माशावरून हे 2009 साली प्रसिद्ध झालं. आरशाने प्रतिमा तयार करणारा डोळा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत तोवर कुणाला माहीत नव्हता. ग्वानिन म्हणजे काय, तर ताज्या बांगड्याच्या पोटावर जी चांदी चमकते ती. बोटाला लागते तीच. त्या चांदीचा कुणी डोळा घडवला असेल हे बांगडा साफ करताना माझ्या मनातही आलं नसतं.

मॅक्रोपिन्ना काही रोज भेटणारा मासा नाही. 2021 च्या डिसेंबरात याच संस्थेने त्याची एक नवी, फार स्पष्ट चित्रफीत प्रसिद्ध केली. साधारण 650 मीटर खोलीवरची. तोवर त्यांच्या पाणयानांनी 5,600 हून जास्त वेळा बुडी मारली होती, 27,600 तासांहून जास्त चित्रण केलं होतं, आणि त्या सगळ्यात हा मासा दिसला होता 9 वेळा. त्या नवव्या भेटीतला मासा मी पुष्कळदा पाहिला आहे. गडद तपकिरी अंग, मोठाले खवले, त्यांच्या कडा एकेक दिसाव्यात इतक्या स्वच्छ. पुढे सरकणारं यान, हलणारे पाण्यातले कण, आणि मध्ये तो, न हलता. घुमटाची कड दिव्याच्या झोतात क्षणभर चमकते तेव्हाच कळतं की तिथे काहीतरी आहे. एरवी डोळे पाण्यातच ठेवल्यासारखे वाटतात.

एक गोष्ट मात्र त्या चित्रफितीकडे बघताना विसरू नये असं मला वाटतं. तो पाचूचा रंग आपल्याला दिसतो तो यानाच्या पांढऱ्या दिव्यांमुळे. त्याच्या पाण्यात पांढरा उजेड कधीच नसतो. निळ्याखेरीज दुसरा रंग तिथे पोचत नाही, त्यामुळे त्या डोळ्यांचा हिरवेपणा त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणी कधी पाहिलेला नाही. जाळ्याने घुमट फोडून आपल्याला चुकीचं वाचायला लावलं, आणि दिव्याने घुमट शाबूत दाखवला खरा, पण वर एक रंग चढवला. त्याच्या घरातला मासा हिरव्या डोळ्यांचा नाही. काळोखातली काळोखी आकृती आहे ती, वर दोन भिंगं लावलेली.

यान काही मिनिटं थांबतं आणि पुढे जातं. दिवे दूर होतात, हिरवा विझतो, खवल्यांच्या कडा बुडतात. मासा तिथेच असतो, परं पसरून. वर सहाशे मीटर पाणी, त्यातून गळत गळत आलेला निळ्याचा शेवटचा थेंब, आणि तो झेलायला दोन नळ्या.